पाच डॉलरचे मालक

मिलवॉकीला माझ्या पुतणीच्या घरी बैठकीच्या खोलीत दोन चौकटी शेजारीशेजारी लावलेल्या आहेत. एकीत आमच्या आईचा, म्हणजे तिच्या आजीचा फोटो. दुसरीत एक शेअर सर्टिफिकेट. २०२५च्या जुलैत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा चहा पिता पिता माझं लक्ष तिकडे गेलं. माझी हयात बँकेत गेली, वर एकोणीस वर्षं मंडळाचा कोषाध्यक्ष. शेअर दिसला की माझी नजर आधी आकड्यावर जाते.

"केवढ्याला घेतलास?"

"तीनशे डॉलर."

"आता काय भाव चाललाय?"

"चालत नाही काका. विकताच येत नाही."

"डिव्हिडंड?"

"नाही."

"मग निदान तिकिटात सवलत?"

"तीही नाही."

"मग हे आहे तरी काय?"

"मी मालक आहे," ती म्हणाली. "पाच लाख सदतीस हजार मालकांपैकी एक." आणि हसली. तिला हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला नसावा.

तो शेअर होता ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा. तुमच्यातले बरेच जण रात्री जागून हे सामने बघतात हे मला ठाऊक आहे, कारण गेल्या गणपतीत आरतीच्या वेळी जांभया कोण देत होतं ते मी पाहिलंय. बाकीच्यांसाठी दोन ओळी: हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू कोणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे ठरवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. संघाचा सगळा डोलारा त्याच्यावर. व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि शेवटचा सामना म्हणजे सुपर बोल.

या ३२ संघांत सर्वांत जास्त विजेतेपदं पॅकर्सची आहेत, तेरा. पहिलं १९२९चं, अलीकडचं २०१० सालच्या हंगामाचं. दुसऱ्या क्रमांकावरच्या शिकागोची नऊ. हे वाचून पॅकर्स हा न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिससारख्या महानगराचा संघ असेल असं वाटतं. ग्रीन बेची वस्ती २०२०च्या जनगणनेत एक लाख सात हजार होती. म्हणजे आपल्या इंदूरच्या २०११च्या वस्तीच्या अठराव्या हिश्शाएवढी. आणि स्टेडियममध्ये बसायला जागा ८१ हजारांहून जास्त.

पुतणीने दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि आम्ही ते गाव बघायला गेलो. दोनएक तासांचा रस्ता. मला वाटलं होतं मोठा भपका असेल. प्रत्यक्षात स्टेडियम साध्या घरांच्या वस्तीत उभं आहे. सामन्याच्या दिवशी आसपासची माणसं आपापल्या अंगणात पाहुण्यांच्या गाड्या लावून देतात आणि त्याचे चार पैसे घेतात. सरावाचे दिवस होते. त्या दिवसांत तिथे एक रीत पाळतात. साठएक वर्षांची जुनी आहे. गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन स्टेडियमबाहेर थांबतात. खेळाडू बाहेर येतात, एकेका पोराची सायकल घेतात आणि तिच्यावर बसून सरावाच्या मैदानापर्यंत जातात. दीडशे किलोचा गडी आठ वर्षांच्या मुलीच्या गुलाबी सायकलवर, गुडघे कानाला लागताहेत, आणि ती मुलगी त्याचं हेल्मेट पोटाशी धरून शेजारून धावतेय. आमची ही तर हसून हसून बाकावरच बसली. मला मात्र त्या मुलीचा चेहरा लक्षात राहिला. उद्या हा खेळाडू दुसऱ्या संघात गेला तरी तिची सायकल तिथेच असणार होती.

आता मालकीची गोष्ट. १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाचा विशीतला पोरगा कॉलेज सोडून घरी आला होता. इंडियन पॅकिंग कंपनी नावाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तो नोकरीला होता. (नावातल्या 'इंडियन'चा आपल्याशी काही संबंध नाही. मी क्षणभर उगीच खूश झालो होतो.) संघ काढायचा तर अंगरखे हवेत, म्हणून त्याने कंपनीकडे पाचशे डॉलर मागितले. कंपनीने दिले आणि पोरांना 'पॅकर्स' हे नाव चिकटलं. कंपनी लवकरच गेली, नाव राहिलं.

त्या काळी लीगमध्ये अशी लहान गावं बरीच होती. कॅन्टन, पॉट्सव्हिल, डुलूथ, पोर्ट्समथ. एकेक संघ बंद पडला किंवा मोठ्या शहरात निघून गेला. ग्रीन बेवरही ती पाळी आलीच. १९२२च्या हंगामात पावसाने गल्ला बुडवला. पावसाचा विमा उतरवला होता, पण पाऊस अटीपेक्षा केसभर कमी पडला म्हणून विमा कंपनीने पैसे दिले नाहीत असं सांगतात. विम्याची कलमं तिथेही आपल्यासारखीच बारीक अक्षरात असावीत. मग गावातल्या वर्तमानपत्राचे प्रकाशक अँड्र्यू टर्नबुल आणि आणखी काही मंडळींनी १९२३ साली एक ना-नफा संस्था काढली आणि पाच डॉलरला एक असे एक हजार शेअर विकले. पाच हजार डॉलर जमले. वाणी, डॉक्टर, वकील, असे सगळे मालक झाले.

यात मला सर्वांत आवडलं ते त्यांच्या नियमांचं कलम. शेअरवर नफा नाही. घरच्या माणसाला देता येतो, बाजारात विकता येत नाही. आज एकूण शेअर बावन्न लाखांच्या आसपास आहेत आणि एका माणसाकडे दोन लाखांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. हिशेब करा, चार टक्केसुद्धा होत नाहीत. आणि उद्या संघ विकलाच तर पैसे शेअरवाल्यांना मिळत नाहीत, धर्मादाय कामाला जातात. म्हणजे संघ विकून किंवा दुसऱ्या शहरात नेऊन कोणाचाही एक डॉलरचा फायदा नाही. १९८४च्या मार्चमध्ये बाल्टिमोरच्या संघाच्या मालकाने रातोरात ट्रक भरले आणि सगळा संघ इंडियानापोलिसला नेला. गाव सकाळी उठलं तर संघ नाही! ग्रीन बेत ट्रक बोलवायला मालकच सापडणार नाही. लीगने पुढे असल्या मालकीला मनाईच केली. पॅकर्स जुने म्हणून त्यांना सूट आहे.

पैशाची निकड पुन्हा पुन्हा आली. एक प्रेक्षक बाकांवरून पडला, त्याने दावा लावला, विमा कंपनी बुडालेली, आणि संघ न्यायालयाच्या ताब्यात गेला. १९३५मध्ये गावाने पुन्हा पंधरा हजार डॉलर उभे केले. १९५०मध्ये तिसऱ्यांदा पंचवीस डॉलरला शेअर विकून लाखाच्या वर. त्या वेळचं प्रकरण जरा नाजूक होतं. लॅम्बोने एकोणतीस हंगाम संघ चालवला होता, सहा विजेतेपदं आणली होती. पण त्याने गावाबाहेर खाडीकाठी खेळाडूंसाठी एक मोठा बंगला घेतला, खर्च हाताबाहेर गेला, कार्यकारिणीशी त्याचं फाटलं. १९५०च्या जानेवारीत तो बंगला जळाला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला लॅम्बो शिकागोच्या एका संघाकडे निघून गेला. विम्याचे पैसे मात्र या वेळी मिळाले आणि कामी आले. ज्याने संघ जन्माला घातला तो गेला, आणि संघ राहिला. पंधरा वर्षांनी तो वारल्यावर गावाने स्टेडियमला त्याचंच नाव दिलं. भांडण विसरून नव्हे, मला वाटतं, भांडण जागच्या जागी ठेवून.

हे वाचताना मला सारखा आपला होळकर संघ आठवत होता. तुमच्या आजोबांना विचारा. १९४१ ते १९५५, जेमतेम चौदा हंगाम. कर्नल सी. के. नायडू कप्तान, मुश्ताक अली, चंदू सरवटे. चार वेळा रणजी करंडक, सहा वेळा उपविजेते. चौदातले दहा अंतिम सामने! १९४४-४५च्या अंतिम सामन्यात डेनिस कॉम्प्टनसुद्धा होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करून गेला. एवढा संघ. पण तो उभा होता महाराजांच्या आश्रयावर. संस्थान गेलं, आश्रय गेला, आणि त्या नावाचा संघही गेला. मध्य प्रदेशला रणजी करंडक मिळायला त्यानंतर २०२२ साल उजाडावं लागलं. महाराजांनी जे केलं ते थोरच. पण पाच डॉलरवाले हजार मालक आणि एक महाराज यांतला फरक मला साठीनंतर, तोही दुसऱ्याच्या देशात कळावा, याची थोडी गंमत वाटली.

नुसत्या गावाच्या जिवावर हे टिकलं असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर माझ्यातला बँकवाला मला माफ करणार नाही. खरी कलाटणी टीव्हीने दिली. १९६०च्या सुमारास प्रत्येक संघ आपापले टीव्हीचे हक्क विकत असे. न्यूयॉर्कला ढीगभर पैसे, ग्रीन बेला चिल्लर. लीगचे तरुण आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायचे आणि पैसे सारखे वाटायचे असं मांडलं. सर्वांत जास्त नुकसान होतं न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाचं, आणि तेच हो म्हणाले. १९६१च्या सप्टेंबरमध्ये त्यासाठी कायदा झाला. १९६२चा पहिला करार वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलरचा होता आणि तो चौदा संघांत समान वाटला गेला. आज प्रत्येक संघाला या सामाईक पेटीतून वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर मिळतात. हा आकडा बाहेर कळतो तोही पॅकर्समुळेच, कारण बाकीचे मालक आपले हिशेब दाखवत नाहीत. पॅकर्सना दरवर्षी जुलैत सभा घेऊन भागधारकांपुढे ताळेबंद ठेवावा लागतो.

तर पैसे सगळ्यांना सारखे. आदल्या वर्षी जो संघ तळाला त्याला नव्या खेळाडूंतली पहिली निवड. १९९४पासून पगाराच्या एकूण खर्चावर मर्यादा. एवढं सगळं बरोबरीत असताना कोणी पुढे राहतो तो कशामुळे?

आधी हे सांगायला हवं की पॅकर्स कायम पुढे नव्हते. १९५८मध्ये बारापैकी एक सामना जिंकला होता. मग व्हिन्स लोम्बार्डी हे प्रशिक्षक आले आणि १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच विजेतेपदं मिळवून गेले. सुपर बोलचा करंडक आज त्यांच्या नावाचा आहे. लोम्बार्डींबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, ती वाचा. मला रस त्यांच्यानंतरच्या काळात आहे. १९६८ ते १९९१, चोवीस हंगाम, आणि त्यात बाद फेरीत फक्त दोनदा, १९७२ आणि १९८२. चोवीस वर्षं! या काळात जन्मलेली मुलं मोठी होऊन लग्नाला आली आणि त्यांनी आपला संघ जिंकताना जवळजवळ पाहिलाच नाही. तरी हंगामाची तिकिटं १९६०पासून आजतागायत सगळी विकली गेलेली आहेत. प्रतीक्षा यादीत एक लाखाहून जास्त नावं. लोक बाळाचं नाव पाळण्यात ठेवतात आणि यादीतही घालतात. सामन्याआधी बर्फ पडला की संघ गावाला हाक देतो, आणि माणसं भल्या पहाटे फावडी घेऊन बाकांवरचा बर्फ काढायला येतात. तासावर मजुरी मिळते, पण मजुरीसाठी कोणी उणे तापमानात पहाटे उठत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती.

१९९२च्या फेब्रुवारीत पॅकर्सनी अटलांटाकडून ब्रेट फार्व्ह नावाचा फारसा कोणाला माहीत नसलेला क्वार्टरबॅक घेतला. त्या सप्टेंबरपासून २००७ संपेपर्यंत तो नियमित हंगामात सलग २५३ सामने खेळला. बोट मोडलं तरी, वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. १९९६च्या हंगामाचं विजेतेपद त्याने आणलं. गावाचा देवच तो. आणि तो पस्तिशीचा, अजून चांगला खेळत असताना, २००५मध्ये व्यवस्थापक टेड थॉम्पसन यांनी नव्या खेळाडूंतला आपला पहिला निवडीचा हक्क कशावर खर्च केला? आणखी एका क्वार्टरबॅकवर. आरन रॉजर्स, चोविसावी निवड. लोक चिडले. आत्ता उपयोगी पडेल असा गडी घ्यायचा, की हा बाकावर बसवायचा? रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसला. फार्व्हने त्याला काही हाताला धरून शिकवलं नाही, आणि तसं तो उघड बोललाही होता. २००८मध्ये फार्व्हने रडत निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात परत यायचं म्हणाला, आणि संघाने नम्रपणे नाही म्हटलं. तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. रॉजर्सने २०१०च्या हंगामाचं विजेतेपद आणलं आणि चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग २०२०. रॉजर्स छत्तीस वर्षांचा, जोरात. पॅकर्सनी पुन्हा पहिल्याच फेरीत क्वार्टरबॅक घेतला, जॉर्डन लव्ह, सव्विसावी निवड. पुन्हा लोक चिडले, या वेळी खुद्द रॉजर्सही. पुन्हा तीन वर्षं बाक. २०२३मध्ये रॉजर्स गेला (तोही न्यूयॉर्क जेट्सकडेच, नियतीला कधी कधी नवं सुचत नाही) आणि लव्ह उभा राहिला. १९९२ ते २०२२, एकतीस हंगाम, दोन माणसं. दुसरे संघ एवढ्या काळात वीस-वीस क्वार्टरबॅक बदलून दमले.

फार्व्ह आणि गाव यांच्यात काही वर्षं अबोला होता. २०१५मध्ये त्याचा चार नंबर समारंभाने निवृत्त केला, तेव्हा सगळं स्टेडियम भरलं होतं.

तिथून परत येताना पुतणी गाडी चालवता चालवता सहज म्हणाली, "काका, यांचे अध्यक्ष याच महिन्यात निवृत्त झाले. सत्तर पूर्ण झाली की जावंच लागतं, नियम आहे." सात जणांच्या कार्यकारिणीत पगार एकट्या अध्यक्षाला, बाकी सगळे फुकट काम करतात, तरी नियम तोच. मार्क मर्फी सतरा वर्षं अध्यक्ष होते. संघाची गंगाजळी ५० कोटी डॉलरच्या वर नेऊन ठेवली होती, तब्येत ठणठणीत. सत्तरावा वाढदिवस आला, त्याच जुलैत कारभार एड पॉलिसी यांच्याकडे दिला आणि घरी गेले. पुढचा माणूस आधीच ठरलेला होता.

मला येत्या फेब्रुवारीत सत्तर पूर्ण होतील. गाडीत मागे बसलेली आमची ही काही बोलली नाही. न बोलणंही तिला फार चांगलं जमतं.

तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळात एक मुलगा आला होता. सीए करतोय, आमच्याच गल्लीतला. म्हणाला, "काका, हिशेबात काही मदत करू?" मी त्याला कोजागिरीच्या खुर्च्या मोजायला लावल्या. पुढच्या वर्षी दिवाळी अंकाच्या जाहिरातींची पाकिटं वाटायला दिली. कीर्द-खतावणी, पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, हॉलच्या कराची फाइल, हे सगळं माझ्या घरच्या लोखंडी कपाटात. दरवर्षी वार्षिक सभेत मी म्हणतो, "आता तरुणांनी पुढे यावं." सगळे टाळ्या वाजवतात आणि मीच पुन्हा निवडून येतो. तो मुलगा गेल्या वर्षी कोजागिरीला आला नाही. मी चौकशीसुद्धा केली नव्हती.

इंदूरला आल्यावर दोन दिवस झोपेचं गणित जमेना. तिसऱ्या दिवशी त्याला फोन केला. तो आधी जरा गोंधळला. म्हणाला, "खुर्च्या कधी मोजायच्यात, काका?" मी म्हटलं, रविवारी सकाळी घरी ये, पोहे खायलाच ये.

रविवारी आला. कपाट उघडून दिलं. त्याने तासभर चाळलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, आजीव सभासदांची यादी तीन वह्यांत आहे, आणि तिन्हींत आकडा वेगळा का?" याचं माझ्याकडे एकोणीस वर्षांचं तयार उत्तर होतं. ते गिळलं आणि हिला म्हटलं, पोहे आणखी टाक.

दुपारी लक्षात आलं की कपाटाला किल्ली एकच आहे. तो राजवाड्याकडे जाऊन दुसरी करून आला. साठ रुपये पडले म्हणाला. मी विचारलं, पावती? त्याने खांदे उडवले, किल्लीवाला कुठे पावती देतो. मग पावती नसेल तेव्हा व्हाउचर कसं लिहायचं, कोणाची सही घ्यायची, ते त्याला दाखवलं. सही माझी घेतली. पुढच्या वर्षीपासून त्या रकान्यात त्याची असेल.